प्राणवायूमापकावर विश्वास किती ठेवावा?

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, पैनगंगेच्या खोऱ्यात झरी जामणी हा तालुका आहे. कोलाम आणि गोंड आदिवासींची वस्ती, कापसाची शेती आणि पलीकडे तेलंगणाची हद्द, असा हा परिसर. मात्र त्याच्या पोटात कोळसा, चुनखडी आणि डोलोमाइट आहे. मुकुटबनजवळचे मार्की-मांगली कोळसा पट्टे आणि अलीकडच्या काळात तेथे उभा राहिलेला मोठा सिमेंट प्रकल्प यांमुळे या तालुक्याचे नाव उद्योगाच्या नकाशावर आले. उत्तरेला वणी, त्यापुढे घुग्गुस, माजरी आणि चंद्रपूर असा वर्धा खोऱ्याचा सलग कोळसापट्टा पसरला आहे.

या भागापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही खोल समुद्रात उतरणारा पाणबुडा आणि भूमिगत खाणीत शिरणारा बचाव कर्मचारी यांचे नाते फार जवळचे आहे. दोघांच्याही पाठीवर जवळपास एकाच तत्त्वावर चालणारे यंत्र असते. सोडलेला श्वास शुद्ध करून तोच पुन्हा श्वासासाठी देणारे हे यंत्र पाणबुड्यांच्या जगात ‘रिब्रीदर’ म्हणून ओळखले जाते. दोघांनाही एकच प्रश्न पडतो. समोरच्या हवेत प्राणवायू किती आहे, हे सांगणारा छोटासा संवेदक खरे बोलत आहे की नाही? हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. त्याच्या उत्तरावर माणूस जिवंत परततो की नाही, हे ठरते.

एका यंत्राची दोन घराणी

साध्या स्कूबा साधनात पाणबुडा टाकीतील हवा ओढतो आणि सोडलेला श्वास बुडबुड्यांच्या रूपाने पाण्यात निघून जातो. बाहेरच्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो आणि सोडलेल्या श्वासातही तो १६ ते १७ टक्के उरलेला असतो. म्हणजे प्राणवायूचा मोठा भाग न वापरताच वाया जातो. रिब्रीदरमध्ये तसे होत नाही. सोडलेला श्वास एका डब्यातून जातो. त्यातील सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि शरीराने वापरला तेवढाच प्राणवायू छोट्या सिलिंडरमधून भरून काढला जातो. त्यामुळे थोड्याशा वायूवर माणूस कित्येक तास राहू शकतो. बुडबुडे आणि आवाज जवळजवळ नसल्याने जगभरच्या नौदलांनी हे साधन आपलेसे केले.

या यंत्राचा उगमच खाण आणि पाणी यांच्या सीमेवर झाला. इंग्लंडमधील हेन्री फ्ल्यूस यांनी १८७८ च्या सुमारास असे साधन बनवले. १८८० साली सेव्हर्न नदीखालच्या बोगद्यात पाणी शिरले, तेव्हा अलेक्झांडर लँबर्ट या पाणबुड्याने तेच साधन लावून अंधाऱ्या, पाण्याने भरलेल्या बोगद्यातून सुमारे हजार फूट आत जाऊन लोखंडी दरवाजा बंद केला. त्याच वर्षी सीहॅम येथील कोळसा खाणीत भीषण स्फोट झाला आणि त्यानंतरच्या बचावकार्यातही फ्ल्यूस यांचे साधन वापरले गेले. पुढे सुधारत गेलेल्या या साधनाची ‘प्रोटो’ ही आवृत्ती आणि नंतर जर्मन ड्रेगर कंपनीची ‘बीजी’ मालिकेतील यंत्रे भारतातील खाण बचाव पथकांच्या पाठीवर आली. १९८५ च्या खाण बचाव नियमांनी अशी पथके, बचाव केंद्रे आणि त्यांचे प्रशिक्षण यांना कायदेशीर चौकट दिली.

एकाच घरातील पिता-पुत्रांनीही हे दोन्ही प्रदेश पालथे घातले, हा विज्ञानेतिहासातील मनोहारी योगायोग आहे. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी खाणीतील विषारी वायूंचा अभ्यास केला आणि धोक्याची सूचना देण्यासाठी छोटे पक्षी खाणीत न्यावेत, असे सुचवले. १९३९ साली ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ जण मृत्युमुखी पडले, त्यानंतर त्यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन यांनी दाबाखालील प्राणवायू शरीरावर काय परिणाम करतो, याचे प्रयोग स्वतःवर करून घेतले. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, पुढे भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

कमी झाला तरी धोका, जास्त झाला तरी धोका

प्राणवायू कमी पडत आहे, हे माणसाला आपोआप कळते असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. श्वास कोंडल्याची तगमग मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते, प्राणवायूच्या अभावामुळे नव्हे. ज्या यंत्रात कार्बन डायऑक्साइड सतत शोषला जातो, तेथे प्राणवायू संपत आला तरी माणसाला मोकळे वाटत राहते आणि तो एकाएकी बेशुद्ध होतो. प्राणवायू १६ टक्क्यांखाली गेला की विचारशक्ती आणि हालचाली मंदावतात. तो १० टक्क्यांखाली गेला तर शुद्ध हरपते आणि सहा टक्क्यांच्या आसपास काही मिनिटांतच मृत्यू ओढवतो.

पाण्याखाली या गणितात दाबाची भर पडते. शरीराला टक्केवारी कळत नाही, कळतो तो प्राणवायूचा आंशिक दाब. पृष्ठभागावर एक बार दाबाला २१ टक्के प्राणवायू म्हणजे ०.२१ बार. ३० मीटर खोलीवर एकूण दाब चार बार होतो आणि त्याच हवेतील प्राणवायूचा आंशिक दाब ०.८४ बारवर जातो. हा आकडा वाढत गेला की प्राणवायू मज्जासंस्थेला विषासारखा ठरतो आणि फेफरे आल्यासारखे झटके येतात. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेअर यांनी १८७८ सालीच याची नोंद केली होती. पाण्यात झटका आला की तोंडातील नळी सुटते आणि माणूस बुडतो. म्हणून पोहताना १.४ बार आणि विसावा घेताना १.६ बार ही मर्यादा आज सर्वसाधारणपणे पाळली जाते.

याच कारणाने खाणीतील आणि समुद्रातील यंत्रांचे मार्ग वेगळे झाले. खाणीत दाब जवळपास वातावरणाइतकाच असतो, त्यामुळे काही तास शुद्ध प्राणवायू घेतला तरी झटक्यांचे भय नसते. बचाव कर्मचाऱ्याच्या यंत्रात प्राणवायू दर मिनिटाला सुमारे दीड लिटर या ठरलेल्या गतीने सोडला जातो आणि मेहनत वाढली तर एक झडप उघडून अधिकचा पुरवठा होतो. दोन लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने ४०० लिटर प्राणवायू मावतो, म्हणून हे यंत्र सुमारे चार तास पुरते. प्राणवायूचे प्रमाण ठरवण्यासाठी त्याला संवेदकाची गरज पडत नाही. समुद्रातील यंत्राला ही चैन परवडत नाही. तेथे खोलीप्रमाणे गणित बदलते आणि प्रत्येक क्षणी किती प्राणवायू सोडायचा, हे संवेदकाला विचारूनच ठरवावे लागते.

बोटाएवढी बॅटरी

हा संवेदक म्हणजे प्रत्यक्षात एक छोटी बॅटरी असते. तिच्या आत शिशाचा एक आणि सोन्यासारख्या धातूचा दुसरा, असे दोन ध्रुव असतात. त्यांच्यामध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण आणि तोंडावर टेफ्लॉनचा अतिपातळ पडदा असतो. पडद्यातून प्राणवायू आत झिरपतो, त्याची रासायनिक क्रिया होते, शिसे हळूहळू झिजते आणि विद्युतप्रवाह निर्माण होतो. प्राणवायूचा आंशिक दाब जेवढा जास्त, तेवढा प्रवाह जास्त. हा प्रवाह मिलिव्होल्टच्या रूपात मोजला की पडद्यावर आकडा उमटतो. वीजपुरवठा नको आणि यंत्रणा गुंतागुंतीची नको, म्हणून खाणीतील खिशात मावणाऱ्या वायुमापकांपासून रुग्णालयांतील उपकरणांपर्यंत हाच प्रकार दीर्घकाळ वापरात राहिला.

पण बॅटरी आहे म्हणजे ती संपणारच. ती कपाटात पडून असली तरी हवेतील प्राणवायू तिच्यात झिरपतच असतो आणि शिसे झिजतच असते. उष्णतेने ही झीज वाढते आणि द्रावण सुकते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा वेळी बंद जीपमध्ये किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या मापकाचे आयुष्य कागदावर लिहिलेल्या आयुष्याइतके राहील, असे मानता येत नाही. पडद्यावर बाष्पाचा थेंब जमला तर संवेदक सुस्तावतो, तापमान भरपाईचा छोटा घटक बिघडला तर आकडा सरकतो आणि पडद्याला सूक्ष्म भोक पडले तर तो भलताच वाढतो.

एकाच बिघाडाचे दोन अर्थ

बहुतेक संवेदक म्हातारे होतात तेव्हा कमी आकडा दाखवू लागतात. आता या एकाच बिघाडाचा दोन ठिकाणी काय परिणाम होतो, ते पाहण्यासारखे आहे.

खाणीत किंवा गटारात वापरल्या जाणाऱ्या मापकाने खऱ्यापेक्षा कमी प्राणवायू दाखवला तर भोंगा वाजतो आणि माणसे बाहेर येतात. वेळ वाया जातो, पण जीव वाचतो. रिब्रीदरमध्ये नेमके उलटे घडते. संवेदक कमी आकडा दाखवतो, नियंत्रक समजतो की प्राणवायू घटला आहे आणि तो अधिक प्राणवायू सोडतो. संवेदक पुन्हा कमीच दाखवतो, पुन्हा प्राणवायू सोडला जातो. एकीकडे भोंग्याला कारण ठरणारा दोष दुसरीकडे गुपचूप विष चढवत राहतो.

यातील सर्वांत फसवा प्रकार म्हणजे संवेदकाची कमाल मर्यादा खाली येणे. समजा, एक संवेदक हवेत १० मिलिव्होल्ट दाखवतो. प्रमाणात गणित केले तर शुद्ध प्राणवायूत त्याने सुमारे ४७.८ आणि १.६ बार आंशिक दाबाला सुमारे ७६.५ मिलिव्होल्ट दाखवायला हवेत. शिसे संपत आलेला संवेदक हवेत अगदी बरोबर १० दाखवतो, पण ५५ च्या पुढे जाण्याची ताकदच त्याच्यात उरलेली नसते. ५५ मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे १.१५ बार. पाणबुड्याने यंत्राला १.३ बार राखण्याचा आदेश दिला असेल तर संवेदक १.१५ वर अडून बसतो आणि नियंत्रक कधीच न येणाऱ्या आकड्याची वाट पाहत प्राणवायू सोडत राहतो. किनाऱ्यावर हवेत केलेली तपासणी हा दोष पकडू शकत नाही. एका बिंदूवर खरे ठरलेले मापक दुसऱ्या बिंदूवरही खरे असेलच असे नाही, हा या विषयातील पहिला धडा आहे.

कोळसा खाणीतही कमी दाखवणारा संवेदक नेहमीच निरुपद्रवी नसतो. वर्धा खोऱ्यातील कोळसा हवेच्या संपर्कात आपोआप तापतो आणि पेट घेतो. ही आग बंद पडलेल्या कामांमध्ये, डोळ्यांआड वाढते. ती ओळखण्यासाठी हवेत वाढलेला कार्बन मोनॉक्साइड आणि कमी झालेला प्राणवायू यांचे गुणोत्तर काढले जाते. ग्रॅहम यांच्या नावाने ते ओळखले जाते. साधारण ०.५ पर्यंतचा आकडा नेहमीचा समजतात, तर एकच्या आसपास गेला की कोळसा तापू लागल्याची शंका घेतात. आता कार्बन मोनॉक्साइड ०.००५ टक्के आणि प्राणवायूतील घट ०.५ टक्का असेल तर गुणोत्तर एक येते, म्हणजे धोक्याची सूचना मिळते. पण प्राणवायूमापकाने अर्धा टक्का कमी दाखवले तर घट एक टक्का भासते आणि गुणोत्तर ०.५ वर येते. सर्व काही ठीक असल्याचा हा निर्वाळा खोटा असतो. अर्ध्या टक्क्याच्या चुकीआड आग लपू शकते. म्हणूनच अशा निर्णयांसाठी हवेचे नमुने प्रयोगशाळेत नेऊन तपासले जातात.

तिघांची साक्ष

एक संवेदक खोटे बोलू शकतो, मग तीन लावले तर? १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत वॉल्टर स्टार्क आणि जॉन कॅनविशर यांनी ‘इलेक्ट्रोलंग’ हा विजेवर नियंत्रित रिब्रीदर बाजारात आणला. पुढच्या काळात तीन संवेदक लावायचे आणि दोघांचे जुळले तर तिसऱ्याला बाजूला सारायचे, ही बहुमताची पद्धत रूढ झाली. ती पटण्यासारखी आहे. एक संवेदक बिघडण्याची शक्यता शंभरात एक मानली आणि प्रत्येकाचे बिघडणे स्वतंत्र मानले तर दोघे एकाच वेळी बिघडण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे तीन इतकी खाली येते.

अडचण ‘स्वतंत्र’ या शब्दात आहे. तीनही संवेदक बहुधा एकाच कारखान्यातून, एकाच खेपेतून, एकाच दिवशी विकत घेतलेले असतात. ते एकाच डब्यात, एकाच ओलाव्यात, एकाच उन्हात राहतात. त्यामुळे ते म्हातारेही बरोबरच होतात. दोघांची मर्यादा १.१५ बारवर आली आणि तिसरा नवा असल्याने खरा आकडा, समजा १.६ बार, दाखवू लागला तर काय होईल? दोघांचे एकमत होईल आणि एकटा खरे बोलणारा खोटा ठरवला जाईल. बहुमत हा पुरावा नव्हे, हे गणिताने सिद्ध होणारे सत्य येथे जिवावर बेतते. म्हणूनच जाणकार पाणबुडे तिन्ही संवेदक एकदम बदलत नाहीत. ठरावीक अंतराने एकेक बदलतात आणि वेगवेगळ्या खेपांतील घेतात. वापरात आल्यापासून सुमारे बारा महिने झाले की संवेदक चांगला वाटत असला तरी काढून टाकतात.

खात्री कशी करतात?

खात्री करण्याचे तत्त्व साधे आहे. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे, असा प्रश्न संवेदकाला विचारायचा आणि एकापेक्षा अधिक ठिकाणी विचारायचा.

पहिला प्रश्न हवेतला. स्वच्छ, कोरड्या हवेत प्रत्येक संवेदकाचे मिलिव्होल्ट मोजून तारखेसह वहीत लिहायचे. महिन्यामागून महिने आकडा खाली सरकत असेल तर संवेदकाचा शेवट जवळ आला आहे, हे वहीच सांगते. दुसरा प्रश्न शुद्ध प्राणवायूतला. हवेतील आकडा ४.७८ ने गुणला की शुद्ध प्राणवायूत यायला हवा तो आकडा मिळतो. प्रत्यक्षात तो लक्षणीय कमी आला तर संवेदक सरळ रेषेत काम करीत नाही, असा अर्थ होतो. तिसरा प्रश्न वातावरणापेक्षा अधिक दाबाचा. त्यासाठी छोटे दाबपात्र मिळते. ते नसेल तर सहा मीटर खोलीवर यंत्रातील वायू शुद्ध प्राणवायूने धुऊन पाहतात. तेथे आकडा १.६ च्या जवळ चढायला हवा. तो आधीच अडला तर त्या संवेदकाची मर्यादा उघड होते.

चौथा प्रश्न खोलीवर विचारायचा. यंत्रात प्राणवायूखेरीज दुसरा, ठाऊक घटकांचा वायूही असतो. तो हवाच असेल तर ३० मीटरवर यंत्र त्या वायूने धुतले की प्रत्येक संवेदकाने ०.८४ दाखवायला हवे. जो दाखवणार नाही, तो खोटा. येथे बहुमत घ्यावे लागत नाही, कारण भौतिकशास्त्राने उत्तर आधीच दिलेले असते. मंगळ किंवा चंद्राच्या मोहिमांइतक्याच काळजीने गुहांचा शोध घेणारे अमेरिकी अभियंता बिल स्टोन यांच्या रचनेवर आधारलेल्या स्वीडिश पोसायडन कंपनीच्या यंत्रात हे काम आपोआप होते. बुडी सुरू असतानाच ठाऊक वायूचा झोत संवेदकावर सोडून यंत्र त्याची परीक्षा घेते. तीन संशयित साक्षीदारांपेक्षा वारंवार उलटतपासणी झालेला एक साक्षीदार बरा, असा त्यामागचा विचार आहे.

यानंतरही एक पायरी उरते, ती म्हणजे माणूस. २०१२ साली अमेरिकेतील ऑर्लँडो येथे भरलेल्या रिब्रीदरविषयक परिषदेत लेखी तपासणी यादीचा आग्रह धरण्यात आला. विमानाचा अनुभवी वैमानिकही उड्डाणापूर्वी यादी वाचतो, मग पाणबुड्याने स्मरणशक्तीवर का विसंबावे? चांगला संवेदक आणि वाईट सवय यांची जोडी वाईटच ठरते.

संवेदकाच्या नव्या पिढीत शिशाची बॅटरी नसते. विशिष्ट रंगद्रव्यावर प्रकाश टाकला की ते चमकते आणि प्राणवायू जेवढा जास्त तेवढी ही चमक लवकर विझते. त्यावरून प्राणवायू मोजला जातो. असे प्रकाशीय संवेदक झिजत नाहीत, त्यांचे आयुष्य मोठे असते. किंमत मात्र अधिक असते, आणि ज्ञात वायूने परीक्षा घेण्याची गरज त्यांनाही चुकत नाही.

मुकुटबनच्या विहिरीपर्यंत

झरी जामणीच्या दृष्टीने याचा अर्थ काय? या तालुक्यात आणि आसपास प्राणवायूचा प्रश्न तीन ठिकाणी येतो. पहिले ठिकाण खाण. कोळसा खाणींच्या विनियमांनुसार माणसे काम करतात तेथील हवेत किमान १९ टक्के प्राणवायू असला पाहिजे आणि कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्याहून अधिक असता कामा नये. दुसरे ठिकाण सिमेंटचे कारखाने. तेथील भट्टीच्या धुरातील प्राणवायू सतत मोजला जातो, कारण तो फार कमी झाला तर अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि धूळ गाळणाऱ्या यंत्रणेत स्फोटाचा धोका निर्माण होतो. शिवाय देखभालीसाठी कामगारांना बंदिस्त टाक्यांत आणि कोठ्यांत उतरावे लागते. तिसरे ठिकाण सर्वांत जुने आणि सर्वांत दुर्लक्षित, ते म्हणजे शेतातली विहीर.

विहिरीत गाळ काढायला किंवा पंप दुरुस्त करायला उतरलेला माणूस गुदमरला आणि त्याला वाचवायला गेलेला दुसराही गेला, अशा बातम्या महाराष्ट्रात नवीन नाहीत. खोल, वापरात नसलेल्या विहिरीत जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. विहिरीत उतरवलेला डिझेल पंप तेथेच कार्बन मोनॉक्साइड सोडतो. ग्रामीण भागात आधी जळता कंदील दोरीने खाली सोडून पाहण्याची रीत होती. खाणकामगारांच्या सुरक्षा दिव्याचे तत्त्वही हेच. सर हंफ्री डेव्ही यांनी १८१५ साली तो दिवा बनवला. प्राणवायू १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते. म्हणजे माणूस बेशुद्ध होण्याच्या थोडे आधी ती इशारा देते. मात्र तिला कार्बन मोनॉक्साइडचे विष ओळखता येत नाही आणि ज्वलनशील वायू असेल तर उघडी ज्योतच स्फोटाचे कारण ठरते. म्हणून कंदिलाला आज मापकाचा पर्याय हवा, पण परीक्षा झालेल्या मापकाचा.

अशा मापकाची परीक्षा रिब्रीदरच्या संवेदकाच्या परीक्षेहून सोपी आहे. मोकळ्या हवेत त्याने २०.९ टक्के दाखवायला हवे. त्यावर हळूच फुंकर घातली की आकडा खाली यायला हवा, कारण सोडलेल्या श्वासात प्राणवायू कमी असतो. आकडा जागचा हललाच नाही तर ते मापक घेऊन कोणीही खाली उतरू नये. फुंकर ही मात्र केवळ जिवंतपणाची खूण आहे, अचूकतेची नव्हे. अचूकतेसाठी ठाऊक प्रमाणाचा वायू सिलिंडरमधून संवेदकावर सोडून भोंगा ठरलेल्या आकड्यावर वाजतो का, हे दररोज कामापूर्वी पाहावे लागते.

यात समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचाही एक बारकावा आहे. पातळ पडद्याचा संवेदक टक्केवारी नव्हे, आंशिक दाब मोजतो. मुंबईत समुद्रसपाटीला २०.९ वर लावलेले असे मापक सुमारे ३१० मीटर उंचीच्या नागपुरात स्वच्छ हवेतही २०.१ ते २०.२ दाखवेल, कारण तेथे हवेचा दाबच साडेतीन टक्क्यांनी कमी असतो. ते बिघडलेले नाही, फक्त नव्या जागी लावायचे राहिले आहे. केशनलिकेतून वायू आत घेणारे संवेदक या दोषापासून बरेचसे मुक्त असतात. आपल्या हातातील मापक कोणत्या जातीचे आहे, हे वापरणाऱ्याला ठाऊक असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

खाण आणि पाणी पुन्हा एकत्र

कोळसा खाणीत पाणी शिरते तेव्हा खाणीचे आणि समुद्राचे शास्त्र पुन्हा एकत्र येते. डिसेंबर १९७५ मध्ये धनबादजवळील चासनाला खाणीत पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास कामगार प्राणास मुकले. डिसेंबर २०१८ मध्ये मेघालयातील क्सान येथे आणि जानेवारी २०२५ मध्ये आसामातील उमरांगसो येथे बुडालेल्या कोळसा खाणींतून कामगारांचा शोध घेण्यासाठी नौदलाच्या पाणबुड्यांना पाचारण करावे लागले. २०१८ च्या जुलैमध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत मुले अडकली होती, तेव्हा पाण्याइतकीच गुहेतील हवेची चिंता होती. तेथील प्राणवायू १५ टक्क्यांपर्यंत उतरल्याचे सांगण्यात आले होते. बाहेर किती वेळ शिल्लक आहे, हे अशा प्रसंगी एका छोट्या आकड्यावरून ठरवले जाते.

तो आकडा विश्वासार्ह असावा यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. संवेदकावर बसवल्याची तारीख लिहिणे, मुदत संपताच तो बदलणे, मापक उन्हात न ठेवणे, दररोज ठाऊक वायूवर त्याची परीक्षा घेणे आणि परीक्षेचा आकडा वहीत नोंदवणे, एवढी ही शिस्त आहे. खाणींवर आणि कारखान्यांवर देखरेख करणाऱ्या यंत्रणांनी मापक आहे की नाही, एवढे पाहून समाधान मानू नये. त्याच्या नोंदवहीचे शेवटचे पान उघडून पाहावे. ग्रामपंचायतींनी विहीर सफाईच्या हंगामात गावात एक तपासलेले मापक आणि ते वापरता येणारा एक प्रशिक्षित माणूस ठेवावा. आणि ते मापक हाताशी नसेल, किंवा त्याची परीक्षा झालेली नसेल, तर त्या दिवशी कोणीही विहिरीत उतरू नये.